संगणकातल्या टकरीत नेमकं कोण बसलेलं असतं?

मागच्या अंकात मी सांगितलं होतं की टक्कर झाल्यावर गाडीतल्या माणसाला कुठे आणि किती लागतं, हे संगणकावर काढून बघणं हे माझं काम आहे. बावीस वर्षं तेच करते आहे. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण सात पत्रं निवडली आहेत. काही प्रश्नांना चार ओळी पुरतील, काहींना पुरणार नाहीत.

एक निवृत्त शिक्षक विचारतात : ताई, पडद्यावरच्या चित्राला काही दुखत नाही. मग बरगडी मोडेल की नाही हे संगणक कशाच्या जोरावर सांगतो?

काका, ती बरगडी आधी आम्हाला घडवावी लागते. सीटी स्कॅनवरून तिचा आकार घ्यायचा आणि त्याचे बारीक तुकडे पाडायचे. बरगडीची बाहेरची साल कठीण असते, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची, आत जाळीदार हाड. प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वभाव लिहून द्यायचा : किती जोर लावला की किती वाकेल, किती ताणलं की तुटेल. असा आख्खा माणूस बांधला की वीस लाखांच्या आसपास तुकडे होतात. मग त्याला सीटवर बसवायचा, बेल्ट लावायचा आणि गाडीला भिंतीवर न्यायचं.

पुढे संगणक जे करतो ते तुम्ही वर्गात शिकवलेलंच आहे. बल भागिले वस्तुमान म्हणजे प्रवेग. प्रवेगावरून वेग, वेगावरून नवी जागा. नव्या जागेवर कोण कोणाला टेकलं, कोण ताणलं गेलं ते बघायचं आणि पुन्हा बल काढायचं. मात्र पाऊल फार लहान टाकावं लागतं. पोलादातून धक्का सेकंदाला साधारण पाच हजार मीटर वेगाने जातो, म्हणजे पाच मिलिमीटरचा तुकडा तो एका मायक्रोसेकंदात ओलांडतो. आमचं पाऊल त्याहून मोठं पडलं तर सगळं गणित उधळतं. टक्कर संपायला शंभर-दीडशे मिलिसेकंद लागतात, पापणी लवायला लागतात तेवढेच. तेवढ्यासाठी हा हिशेब लाख-दोन लाख वेळा, प्रत्येक तुकड्यासाठी करायचा. म्हणून रन संध्याकाळी लावायचा आणि सकाळी येऊन बघायचा, हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम.

आता बरगडीचं. तरण्या माणसाच्या बरगडीची साल साधारण दोन-तीन टक्के ताणली की तडकते. वय वाढतं तशी ही मर्यादा खाली येते आणि सालही पातळ होते. त्यामुळे तीच गाडी, तोच वेग, तोच बेल्ट ठेवून मी मॉडेलमध्ये हाडाचं वय बदललं की तिशीतल्या माणसाची एखादी बरगडी मोडते तिथे सत्तरीतल्या माणसाच्या चार-पाच मोडलेल्या दिसू शकतात. सत्तरीत चार बरगड्या मोडणं साधी गोष्ट नाही. खोकता येत नाही, कफ साचतो, न्यूमोनिया होतो. गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरलेला माणूस दहा दिवसांनी दगावू शकतो. तुमच्या वयाच्या माणसांना बसवून आम्ही पुरेशा टकरी करत नाही, याची मला मनापासून खंत आहे.

मेंदूबद्दल एक सांगते, कारण तिथे जुना हिशेब तोकडा पडतो. डोक्याच्या इजेसाठी आम्ही 'एचआयसी' नावाचा आकडा वापरतो. डोक्याला किती प्रवेग बसला आणि किती वेळ बसला यावरून तो निघतो. पंधरा मिलिसेकंदांच्या हिशेबात प्रौढासाठी ७०० ही मर्यादा धरतात. कवटी फुटण्याचा धोका त्यावरून बरा कळतो. पण मेंदू दाबायला पाण्यासारखा, म्हणजे जवळजवळ दबतच नाही. उलट एका थरावरून दुसरा थर सरकवायला अतिशय मऊ. त्यामुळे डोकं सरळ आपटण्यापेक्षा गर्रकन फिरलं तर आतले तंतू जास्त ओढले जातात. ऑक्सफर्डचे होलबर्न यांनी १९४३ मध्येच कवटीच्या आकारात जिलेटिन भरून, ते फिरवून हे दाखवलं होतं. एचआयसीच्या सूत्रात मात्र डोक्याच्या फिरण्याला जागाच नाही. म्हणून हल्ली आम्ही मेंदूचं मॉडेल घेऊन त्यातला ताण थेट बघतो.

एक आई लिहितात : आमचा मुलगा दीड वर्षांचा आहे, वजन दहा किलो. सीटमध्ये रडतो म्हणून मी त्याला मांडीवर घट्ट धरून बसते. माझ्या हातांवर माझा विश्वास आहे.

तुमच्या मायेबद्दल शंकाच नाही, पण हातांचं ऐका. ताशी पन्नास किलोमीटरने जाणारी गाडी पुढचा भाग अर्धा मीटर चेपून थांबली, तर आतल्या प्रत्येक गोष्टीवर सरासरी वीस पट वजनाचा जोर येतो. दहा किलोचं बाळ त्या क्षणी दोनशे किलोचं होतं. एखाद्या क्षणी जोर सरासरीच्याही वर जातो. तुमचे स्वतःचे हातही तेव्हा वीस पट जड झालेले असतात. मी हे मॉडेल चालवलेलं आहे. बोटांची पकड शंभर टक्के धरली, म्हणजे कुठल्याही माणसाची असते त्याहून किती तरी जास्त, तरी मूल सुटतं.

दोघांना मिळून एकच बेल्ट लावू नका. मग तुमचं सगळं अंग त्याच्यावर येतं. बाळाची सीट मागे तोंड करून लावा आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत असेतोवर तशीच ठेवा. या वयात अंगाच्या मानाने डोकं जड असतं आणि मान कोवळी. मागे तोंड असलं की पाठ, मान आणि डोकं एकदमच टेकतात, मान एकटी ओढली जात नाही. रडू दे त्याला. दोन आठवड्यांत सवय होते, मी माझ्या दोन्ही मुलांचं पाहिलंय.

एम.टेक.चा एक विद्यार्थी लिहितो : ताई, प्रोजेक्टसाठी स्लेडचं (रुळांवर झटका देऊन टक्कर घडवणाऱ्या गाड्याचं) मॉडेल चालवतोय. बेल्टचा लोड लिमिटर (बेल्टचा ताण ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) सहा किलोन्यूटनवरून चारवर आणला तर डमीच्या, म्हणजे टकरीत बसवायच्या पुतळ्याच्या, छातीचं दबणं ४१ मिलिमीटरवरून २९ वर आलं. सर म्हणतात, छान आहे, लिहून टाक. पण मला धाकधूक वाटते.

धाकधूक वाटते हे चांगलंय. अजून लिहू नकोस.

माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष होतं. एका रनमध्ये छातीचं दबणं एक-तृतीयांशाने कमी आलं. मी आलेख छापून घेतला आणि टेबलाटेबलावर दाखवत फिरले. आमच्या वरिष्ठ बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आलेख राहू दे, मला बेल्ट दाखव." ॲनिमेशन उघडलं, खांद्यावर झूम केलं, एकेक मिलिसेकंद पुढे सरकवलं. अडतिसाव्या मिलिसेकंदाला बेल्टची आतली कड गळपट्टीच्या हाडाशी खांद्यात बुडायला लागली. पंचेचाळिसाव्याला बेल्टच्या तुकड्यांच्या दोन ओळी चक्क मांसात होत्या. बेल्ट आणि अंग यांच्यातला काँटॅक्ट सुटला होता. बेल्ट खांद्याला ओढतच नव्हता, मग छाती दबणार कशाने? बाईंनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "या आकड्यावर उद्या कोणीतरी बेल्ट बनवेल आणि परवा कोणीतरी तो लावेल." त्या दिवसापासून आधी चित्र बघते आणि मग आकडा, आणि चित्र बाजूने, वरून आणि मधून कापून, तिन्ही प्रकारे बघते.

तूही तेच कर. मग ऊर्जेचे आलेख काढ. बाहेरून दिलेली ऊर्जा हिशेबात धरून एकूण ऊर्जेची रेघ सपाट हवी. हवरग्लास ऊर्जा, म्हणजे एलिमेंट (तेच बारीक तुकडे) खोट्या पद्धतीने वेडेवाकडे झाल्याने येणारी, अंतर्गत ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आत ठेव, आणि फक्त एकूण आकडा न बघता सीटचा फोम आणि छाती यांचा वेगवेगळा बघ. पाऊल मोठं राहावं म्हणून सॉल्व्हरने, म्हणजे हिशेब करणाऱ्या प्रोग्रामने, कुठे वजन वाढवलंय तेही तपास. बरगडीवर दोनशे ग्रॅम चढवले असतील तर ती बरगडी माणसाची राहिली नाही. रन सुरू होण्याआधी डमी स्वतःच्या वजनाने सीटमध्ये नीट बसलेला आहे का? मी तपासलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मॉडेलमध्ये तो सीटच्या दोन मिलिमीटर वर तरंगत असतो.

हे सगळं चोख निघालं तरी दोन प्रश्न उरतात. पहिला, डोकं कुठे गेलं? लिमिटर सैल केला की धड जास्त पुढे जातं. छातीचं कमी झालेलं दुखणं तू डोक्याला दिलंस का, हे न सांगता २९ लिहिलंस तर वाचणाऱ्याची फसवणूक होईल. दुसरा जास्त खोल आहे. तुझा डमी बहुधा हायब्रिड थ्री असेल. त्याच्या छातीचं दबणं उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) मधोमध, एकाच जागी मोजलं जातं. बेल्ट दोन-तीन सेंटिमीटर मानेकडे सरकला की सेन्सरपासून लांब जातो आणि आकडा कमी दाखवतो. बरगड्यांना त्याचा काहीच फायदा झालेला नसतो. थॉर नावाच्या नव्या डमीत याच कारणाने चार ठिकाणी मोजतात. तेव्हा दोन्ही रनमध्ये बेल्टची वाट तीच आहे का बघ. मग बेल्ट दोन सेंटिमीटर इकडे, दोन तिकडे, घर्षण थोडं कमी, थोडं जास्त, असे वीस रन कर. उत्तर २९ आलं की २६ ते ३७ आलं, जे येईल ते तसंच लिही. सरांना हे पान दाखव, ते नाही म्हणणार नाहीत.

आणखी एक वाचक विचारतात : संगणक इतकं करतो तर खऱ्या गाड्या अजून का फोडता?

कारण जे मॉडेलमध्ये घातलंच नाही ते मॉडेल कधीच सांगत नाही. एखादा वेल्ड उसवतो, प्लॅस्टिकचा तुकडा भलत्याच जागी टोकदार तुटतो. १९८६ च्या सुमाराला फोक्सवॅगन पोलोची समोरून भिंतीवरची आख्खी टक्कर संगणकावर एका रात्रीत काढली गेली तेव्हा मॉडेलमध्ये साडेपाच हजारांच्या आसपास एलिमेंट होते. आज एका गाडीत ते काही लाखांपासून कोटीपर्यंत जातात. तरीही शेवटचा शब्द खऱ्या टकरीचा. बदल होतोय तो असा की युरो एनकॅपने, म्हणजे युरोपात गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या संस्थेने, २०२४ पासून बाजूच्या टकरीत धडकेपासून लांबच्या सीटवर बसलेल्या माणसासाठी सिम्युलेशनचे निकालही मूल्यांकनात घ्यायला सुरुवात केली. खऱ्या गाड्या दोन फोडता येतात; संगणकावर दोनशे कोनांतून विचारता येतं.

एक वाचक लिहितात : माझी उंची १५१ सेंटिमीटर. स्टिअरिंगच्या अगदी जवळ बसावं लागतं. टकरीचे डमी पुरुषांचे असतात असं वाचलं. मग माझ्यासाठी गाडी तपासलीच नाही असं समजायचं का?

माझी उंची १५० आहे, त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला तुमची सीट दिसत होती.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा डमी १९७० च्या दशकातला : उंची १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, मध्यम बांध्याचा पुरुष. बाईचा डमीही आहे, साधारण आपल्याच उंचीचा आणि ४९ किलोचा. पण तो मुख्यतः पुरुषाच्या डमीचा आकार कमी करून तयार झालेला आहे. बाईची मान म्हणजे पुरुषाची लहान केलेली मान नव्हे. डोक्याच्या वजनाच्या मानाने आपली मान बारीक असते, स्नायू कमी असतात, कमरेच्या हाडाचा आकार वेगळा असतो. मागून धडक बसल्यावर मानेला झटका बसून होणारी दुखणी बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतात, हे अनेक देशांच्या अपघात-नोंदींत दिसलेलं आहे. आणि मागच्या धडकेसाठी सीट तपासायला वर्षानुवर्षं बसवला गेला तो पुरुषाचाच डमी.

इथे संगणक आधी पोचला याचं मला समाधान आहे. स्वीडनच्या संशोधक ॲस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६२ सेंटिमीटर, ६२ किलोची सरासरी बाई आधी संगणकात घडवली. तिचं नाव ईव्हारिड. त्याच मापाचा हातात धरता येईल असा डमी लोकांसमोर आला २०२२ मध्ये, म्हणजे सुमारे दहा वर्षांनी. टोयोटाने आपली 'थम्स' ही मानवी शरीराची मॉडेल, त्यात लहान चणीच्या बाईचंही, २०२१ पासून सगळ्यांना मोफत दिली आहेत. म्हणजे आपल्यासारखीला गाडीत बसवून न बघण्याला आता सबब राहिलेली नाही. अडचण उरते ती नियमांची. नियमात जे शरीर लिहिलेलं असतं त्याच्यासाठीच आधी काम होतं. मी प्रत्येक नव्या कामात लहान बाईचे रन मागून घेते. वेळ नाही असं ऐकावं लागतं, तरी मागते.

आज तुम्ही काय करायचं ते सांगते. पट्टी घेऊन गाडीत बसा. उरोस्थीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत निदान पंचवीस सेंटिमीटर अंतर हवं. एअरबॅग तीस-चाळीस मिलिसेकंदांत भरते आणि बाहेर पडताना पहिल्या पाच-आठ सेंटिमीटरमध्ये तिचा दणका सगळ्यात जास्त असतो. तिथे छाती किंवा हनुवटी असता कामा नये. पाय पेडलपर्यंत पुरतील तेवढीच सीट मागे घ्या, मग पाठ थोडी कलती करा; त्याने रस्ता नीट दिसेनासा झाला तर सीट वर घ्या. स्टिअरिंग खाली करा, म्हणजे एअरबॅगचं तोंड चेहऱ्याकडे न राहता छातीकडे होईल. बेल्ट गळपट्टीच्या हाडाच्या मधून गेला पाहिजे, मानेला घासत असेल तर खांब्यावरची कडी खाली घ्या. मला हे सगळं जमवायला पंधरा मिनिटं लागली होती आणि पंचवीसला एक सेंटिमीटर कमी पडत होता. मी पाठ आणखी एक खाच मागे केली.

जाता जाता, शेजारच्या सीटवर पाठ पूर्ण पाडून झोपणाऱ्या एका वाचकांना :

नका झोपू. पाठ पाडली की कमरेचं हाड मागे कलंडतं, बेल्टचा खालचा पट्टा हाडाच्या कडेवरून निसटून पोटात शिरतो आणि माणूस बेल्टखालून पुढे सरकतो. याला आम्ही सबमरीनिंग म्हणतो. मऊ पोट असलेल्या मानवी मॉडेलमध्ये ते स्पष्ट दिसतं : पट्टा सत्तर-ऐंशी मिलिसेकंदांपर्यंत आतड्यांवर असतो आणि पुढे कण्यापर्यंत दाबत जातो. वरचा पट्टा तर छातीपासून हातभर दूर लटकत असतो, तो तुम्हाला गळ्याशी भेटतो. डोळा लागत असेल तर पाठ उभी ठेवून डोकं मागे टेका.

शेवटचं पत्र : माझ्या वडिलांनी देहदान केलं. अपघाताच्या संशोधनातही असे देह वापरतात असं कुठेतरी ऐकलं. मला ते नीट समजून घ्यायचं आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हो, वापरतात. दात्याने किंवा कुटुंबाने तशी संमती दिली असेल आणि नीतिसमितीने मान्यता दिली असेल तरच. चेहरा झाकलेला असतो, नाव कोणाला कळत नाही.

का वापरतात ते सांगते. छाती किती दबली की बरगड्या मोडतात हे जिवंत माणसावर बघता येत नाही. जिथवर जिवंत माणूस जाऊ शकतो तिथवर लोक स्वतः गेले : अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटच्या स्लेडवर बसले आणि ताशी हजार किलोमीटरच्या वेगावरून १.४ सेकंदांत थांबले. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले लॉरेन्स पॅट्रिक आपल्याच स्लेडवर शेकडो वेळा बसले. त्यापलीकडची माहिती दात्यांनी दिली. क्रोल नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात दान केलेल्या देहांच्या छातीवर २३.४ किलोचा, पंधरा सेंटिमीटर व्यासाचा गोल ठोकळा आदळवून बल आणि दबणं मोजलं. आज जगात कुठेही छातीचं मॉडेल बनवलं की त्याला आधी याच परीक्षेला बसवतात. मॉडेलची रेघ त्या नोंदींच्या पट्ट्यात बसली नाही तर मॉडेल पुढे जात नाही.

त्या आलेखावर करड्या रंगाच्या रेघा असतात. एक रेघ म्हणजे एक दाता. सोबत फक्त वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष एवढंच. त्यात एक रेघ थोडी वेगळी जाते, लवकर वाकते. नव्या मुली-मुलांना ती 'चुकलेली' वाटते आणि ती काढून सरासरी घ्यावी असं त्यांना सुचतं. मी काढू देत नाही. त्या माणसाची छाती तशीच होती, आणि तशा छातीची माणसं आजही गाडीत बसतात.

तुमच्या वडिलांचा देह बहुधा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी गेला असेल. बहुतेक दानं तिथेच जातात. ज्या संस्थेकडे दान दिलं तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागाला लेखी विचारा. कोणत्या कामासाठी उपयोग झाला एवढं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर आलं तर मलाही कळवा.